काजळीपासून कोंड्यापर्यंत: एक एकर जया भाताच्या बुरशीच्या नोंदी

जागा: कुडाळ तालुका, डोंगराच्या पायथ्याचे पाच कुणगे, प्रत्येकी ८ गुंठे. वाण जया, उकड्या तांदळासाठी. गेल्या वर्षी लोंब्यांवर काजळी (दाण्यांच्या जागी काळ्या गोळ्या करणारी बुरशी) आली, नंतर पोत्यांना कुबट वास आला आणि तरीही तांदूळ दिसायला बरा होता. म्हणून यंदा बियाण्यापासून पोत्यापर्यंत सगळं मोजून लिहून ठेवायचं ठरलं. कुणगा १ आणि २: पोटरीत, म्हणजे लोंबी खोडाच्या आवरणात असताना, प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक. कुणगा ३: काजळी दिसल्यावर तीच फवारणी. कुणगा ४: काही नाही. कुणगा ५: पोटरीत कॉपर हायड्रॉक्साइड.

२३ मे

मीठपाणी. नेहमीची शिफारस १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. १८ किलो बियाण्यातलं जेमतेम ७०० ग्रॅम तरंगलं. बुडालेल्यातले दाणे नखाने फोडून पाहिले, तर अर्धवट भरलेले आणि तपकिरी डागांचे बरेच खालीच बसलेले. तीन टक्क्यांच्या पाण्यात फक्त पोचट जातं, रोगट हलका दाणा जात नाही.

मग अंड्याची पद्धत. पाण्यात अंडं सोडायचं आणि ते वर येऊन रुपयाएवढा भाग दिसेपर्यंत मीठ घालत राहायचं. पहिल्या वेळी ९०० ग्रॅम मिठातच अंडं वर आलं. आनंद झाला, पण अंडं आठवड्याभराचं शिळं होतं. शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढते आणि ते हलक्या पाण्यातही तरंगतं. ताजं अंडं आणलं तेव्हा दीड किलोच्या आसपास मीठ लागलं, म्हणजे घनता साधारण १.१. जपानमध्ये साध्या भातासाठी १.१३ आणि चिकट भातासाठी १.०८ धरतात. शेवटी १८० रुपयांचा हायड्रोमीटर घेतला, अंड्याचा वाद संपला.

या पाण्यात आणखी १ किलो ४०० ग्रॅम तरंगलं. त्यात गेल्या वर्षीच्या काजळीच्या चार काळ्या गोळ्याही होत्या. बी दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि नंतर साध्या पाण्यात तीनदा धुवावं, नाहीतर मिठाने उगवण बसते. प्रत्येक घाण्यानंतर ओल्या बियाण्यामुळे पाणी पातळ होतं, म्हणून मीठ वाढवून पुन्हा मोजावं. एकरी १६ किलो बी हवं असेल तर २० किलोपासून सुरुवात करा.

२४ मे

निम्म्या बियाण्याला गरम पाणी: ६० अंश, १० मिनिटं, लगेच थंड पाण्यात. ही रीत मुळात रोपाच्या उफाड्या रोगासाठी, पण दाण्याच्या सालीखालच्या इतर बुरश्यांनाही बसतं.

दोन चुका झाल्या. पहिली: ८ किलोची पिशवी ४० लिटरच्या पातेल्यात एकदम सोडली. पाणी दोन मिनिटांत ५४ अंशांवर आलं आणि पिशवीच्या मध्यभागी तर ५० सुद्धा नव्हतं. बियाण्याच्या निदान दहापट पाणी हवं, पिशवी सैल आणि जाळीची हवी आणि पहिलं मिनिटभर ती हलवत राहायला हवी. घट्ट बारदान चालत नाही.

दुसरी चूक मोठी, ती ३१ तारखेला कळली.

३१ मे

उगवण तपासली, ओल्या गोणपाटात १००-१०० दाणे, दोनदा. न तापवलेलं ९३. तापवलेलं ५८.

कारण: २३ ला मीठपाण्यातून काढलेलं बी रात्रभर ओलंच राहिलं आणि २४ ला गरम पाण्यात गेलं. पाणी प्यालेला कोंब उष्णता सोसत नाही. मीठपाण्यानंतर तासाभरात गरम पाण्यात घालावं, नाहीतर पूर्ण वाळवून मगच. ८ किलो बी कोंबड्यांना. औषध लावलेलं नव्हतं म्हणून चाललं. नवं ८ किलो आणलं, ५२० रुपये. कोरडं असतानाच ४ किलोच्या दोन घाण्यांत तापवलं.

२ जून

नव्या तापवलेल्या बियाण्याची उगवण ९१. चाललं.

न तापवलेल्या निम्म्या बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, ५० टक्के, किलोला २ ग्रॅम. संध्याकाळी त्यालाच ट्रायकोडर्मा, किलोला १० ग्रॅम, चोळण्यात आला. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. कार्बेन्डाझिमवर ती टिकत नाही. १४० रुपयांचा पुडा वाया. दोन्हींपैकी एकच निवडावं.

८ जून

तरवा (लावणीची रोपं) पेरला. दोन वेगळे वाफे, मध्ये चर, पाट्या लावल्या. तापवलेल्या बियाण्याचा वाफा डावीकडे.

२१ जून

उजव्या वाफ्यात, म्हणजे कार्बेन्डाझिमवाल्या, २३ रोपं शेजाऱ्यांपेक्षा वीतभर उंच, फिकट पिवळसर, बारीक. पानाचा कोन जास्त उघडा. डाव्या वाफ्यात अशी २.

हाच तो उफाड्या, जपानीत बाकानाए, अर्थ ‘वेडं रोप’. फ्युसारियम फुजिकुरॉय बुरशी जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार करते आणि रोप उगाच लांबतं. तैवानमध्ये कुरोसावा यांनी १९२६ साली बुरशीच्या नुसत्या गाळलेल्या रसाने रोपं लांबवून दाखवली. आज द्राक्षाचे मणी मोठे करायला नाशिक-सांगलीकडे जे जीए (जिबरेलिक आम्ल) फवारतात त्याचं मूळ हेच. पण हीच बुरशी फ्युसॅरिक आम्ल आणि काही वेळा फ्युमोनिसिन ही विषंही करते, त्यामुळे उंच रोपाचं कौतुक नको. कार्बेन्डाझिमला न जुमानणारे फ्युसारियमचे वाण आता अनेक देशांत आहेत. इथे तेच झालं असं एका वाफ्यावरून म्हणता येणार नाही.

रोपं मुळासकट उपटून पिशवीत भरली. बांधावर टाकू नयेत. मेलेल्या रोपाच्या बुडाशी जी पांढरट-गुलाबी पूड धरते, तेच पुढच्या हंगामाचं बी.

४ ते ६ जुलै

लावणी, २० बाय १५ सेंटिमीटर. ११ माणसं, तीन दिवस.

२९ जुलै

युरिया एकरी ८७ किलो, तीन हप्त्यांत: लावणीला ३५, फुटव्यांना ३५, पोटरीआधी १७. आज दुसरा हप्ता. सकाळी कुणगा ५ ला ७ किलो पडला, दुपारी दुसऱ्या माणसाने तोच कुणगा पुन्हा घेतला. कुणग्याच्या कोपऱ्यात काठी रोवायची पद्धत असती तर हे झालं नसतं. आता कुणगा ५ ची तुलना बाद. तरी नोंद ठेवायची, कारण जास्त नत्राचं काय होतं ते तिथे दिसेल.

१४ ऑगस्ट

पानांवर डाग. औषध आणायच्या आधी डाग ओळखणं स्वस्त पडतं, म्हणून जरा सविस्तर.

दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्यासारखा, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी डाग तो करपा. तिळासारखा गोल-लांबट, पूर्ण तपकिरी, मोठा झाला तर मध्ये फिकट आणि भोवती पिवळी कडा असा डाग तो तपकिरी ठिपका. कडेने, टोकाकडून खाली लाटेसारखी वाळत येणारी पट्टी हा कडा करपा. तो जिवाणूचा रोग आहे, बुरशीनाशकाने हलत नाही. पाण्याच्या रेषेजवळ खोडाच्या आवरणावर सापाच्या कातेसारखे पट्टे हा पर्णकोष करपा.

कुणगा ४ च्या वरच्या अंगाला, जिथे माती मुरमाड आहे, तिथे तपकिरी ठिपके. ते भुकेल्या मातीचं लक्षण. पालाश कमी, पाणी ओसरलेलं. १९४२ साली बंगालात भाताचं पीक ज्या रोगाने बसलं तो हाच, आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळाच्या कारणांत त्याचं नाव घेतलं जातं. इथे फवारलं नाही. पोटॅश ३ किलो टाकलं आणि बांधाची भोकं बुजवून पाणी धरलं.

कुणगा ५ मध्ये करपा आणि पर्णकोष करपा दोन्ही. बाकी चार कुणग्यांत शोधून काढावे लागत होते, इथे उभ्यानेच दिसले. ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के, १० लिटरला ६ ग्रॅम, ८ गुंठ्यांना ४० लिटर पाणी. हे करप्यावर चालतं, पर्णकोष करप्यावर नाही. तिथे पाणी दोन दिवस काढून टाकलं आणि खालची मेलेली पानं ओढली. शिवाय युरोपाने तांदळातल्या ट्रायसायक्लॅझोलच्या अंशाची मर्यादा २०१७ साली किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. ज्यांचा माल बाहेर जातो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

२ सप्टेंबर

पोटरीवर पहारा सुरू. काजळीची फवारणी हुकते ती इथेच, म्हणून रोज दहा चुडी. प्रत्येक कुणग्यात दहा चुडींच्या मुख्य दांड्याला लाल लोकरीचा धागा. आज एक दांडा ब्लेडने उभा चिरला, आत लोंबी ६ सेंटिमीटर.

काजळीची बुरशी, उस्टिलाजिनॉइडिया व्हायरेन्स, लोंबी पोटरीत असतानाच फुलाच्या पुंकेसरांत शिरते. बाहेर पिवळी गोळी दिसते त्याच्या दोन-तीन आठवडे आधी काम झालेलं असतं. म्हणून फवारणी पोटरी फुगल्यावर, पण एकही लोंबी बाहेर न येता, निसवणीच्या सात-दहा दिवस आधी.

१० सप्टेंबर

धागा बांधलेल्या दहापैकी सहा दांड्यांची पोटरी गच्च. कुणगा १, २: प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, लिटरला १ मिलि. कुणगा ५: कॉपर हायड्रॉक्साइड ७७ टक्के, लिटरला २ ग्रॅम. गुंठ्याला ५ लिटर पाणी, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला तीन गुंठे आणि थोडं. पहिल्यांदा एका पंपात पाच गुंठे मारले गेले, तुषार पोटरीपर्यंत पोचलेच नाहीत. परत मारावं लागलं, दीड तास गेला.

प्रोपिकोनॅझोल २५० मिलि ४२० रुपये, कॉपर २५० ग्रॅम ३१० रुपये. मजुरी ६००.

तांबं निसवणीनंतर कधीही मारू नये. टरफलावर तपकिरी चट्टे पडतात आणि तो रोग समजून माणूस आणखी एक फवारणी करतो. फुलोऱ्यात कुठलंच औषध सकाळी नको. भाताचं फूल साधारण नऊ ते बारा उघडं असतं, फवारायचंच तर तीननंतर.

२१ सप्टेंबर

निम्म्या लोंब्या बाहेर. पाच दिवस झड. काजळीला याहून चांगलं हवामान नाही.

कुणगा २ मध्ये तीन उदबत्त्या सापडल्या: लोंबी न फुटता सरळ, राखाडी, कडक काडी होऊन बाहेर आलेली. रोगाचं नावच उदबत्ता, आणि रोगशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही तेच नाव आहे. एफेलिस बुरशी, काजळीच्याच कुळातली. दाणा एकही मिळत नाही. पण संख्या तीन. उपटल्या, पुढे गेलो.

८ ऑक्टोबर

गोळ्या दिसल्या. आधी टरफलाच्या फटीतून पांढरट-पिवळा फुगा, मग नारिंगी मखमल, मग हिरवट काळी पूड. कुणगा ३ ला ठरल्याप्रमाणे आज प्रोपिकोनॅझोल. आपल्याकडे बहुतेक फवारण्या याच दिवशी होतात.

१३ ऑक्टोबर

मोजणी. प्रत्येक कुणग्यात तिरक्या रेषेत ५० चुडी, गोळी असलेल्या लोंब्या:

कुणगा १: ५. कुणगा २: ७. कुणगा ३: २९. कुणगा ४: ३२. कुणगा ५: ४१.

३ आणि ४ मध्ये फरक नाही म्हणायला हरकत नाही. गोळी दिसल्यावरचा खर्च म्हणजे गोळीला आंघोळ. ५ मध्ये वेळेवर तांबं मारूनही सर्वांत जास्त. दुप्पट युरियाने पीक दाट आणि गर्द, आत ओल सुटतच नाही. तांब्याचा दोष किती आणि युरियाचा किती हे वेगळं करता येत नाही, ती आमची चूक.

गोळ्या वेचल्या. सकाळी दव असताना, लोंबीवर प्लास्टिक पिशवी चढवून कात्रीने. कोरड्या दुपारी हात लावला की पूड उडते आणि शेजारच्या भातावर बसते. दोन माणसं, दोन सकाळी, १२०० रुपये. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घालावा. गोळ्या दोन फूट खड्ड्यात.

गोळीत उस्टिलॉक्सिन नावाची विषं असतात. ती पाण्यात विरघळतात आणि पेशीचं विभाजन अडवतात. प्रयोगात उंदरांच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा झाली आहे. दक्षिणेत याला लक्ष्मी रोग म्हणायची पद्धत आहे, काजळी आली म्हणजे पीक भरघोस. समज उलटा धरलेला आहे: पीक जोमदार असतं म्हणून काजळी येते. गोळ्या मिसळलेलं पोचट आणि चाळण गुरांना घालू नये. आम्ही घातलं नाही, पण गेल्या वर्षी घातलं होतं.

२० ते २२ ऑक्टोबर

कापणी. दाण्यात ओलावा २२-२३ टक्के. २१ ला दुपारी पाऊस.

कुणगा १ आणि २ त्याच दिवशी झोडले आणि वाळवणीला घातले: लॉट १. कुणगा ३ आणि ४ झोडून पडवीत दोन रात्री पसरले: लॉट २. कुणगा ५ झोडायला माणसं उरली नाहीत. कवळ्यांची उडवी रचून वर ताडपत्री टाकली: लॉट ३. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून दगड ठेवले. पाऊस आत गेला नाही, वाफही बाहेर गेली नाही.

२४ ऑक्टोबर

उडवी उघडली. मधोमध खुपसलेला थर्मामीटर ४७ अंश. हात घातला तर चटका. दाणे सोलून पाहिले, शंभरात १४ पिवळट.

पिवळेपणा आधी गरमीचा असतो. ओलं भात तापलं की बुरशी असो-नसो, दाणा पिवळा पडतो. पेनिसिलियमच्या काही जातीही तांदूळ पिवळा करतात आणि त्यांची विषं फार वाईट. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आयात तांदळात हा ‘पिवळा तांदूळ’ सापडला आणि त्यावर बरंच संशोधन झालं. डोळ्याने हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. पिवळा दाणा विषारीच असतो असं नाही आणि पांढरा निर्धोक असतो असं तर मुळीच नाही.

झोडणीच्या गडबडीत लॉट ३ चं एक पोतं लॉट २ कडे गेलं. चिठ्ठ्या नव्हत्या. पुढचा सगळा घोळ त्या एका चिठ्ठीपायी.

२५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर

वाळवण. ताडपत्रीवर ३-४ सेंटिमीटरचा थर, अर्ध्या तासाने पायाने नांगरायचा. बियाण्यासाठीचं वेगळं, सावली-उन्हात, दाण्याचं तापमान ४३ अंशांच्या आत. तांदळाचं भरभर वाळवलं की दाणा तडकतो आणि गिरणीत कणी वाढते.

मीटर नसेल त्यांच्यासाठी: सुरुवातीचा ओलावा एकदा कुठून तरी मोजून आणायचा आणि ५ किलो भात जाळीच्या पिशवीत भरून त्याच थरात पसरट ठेवायचं. २२ टक्क्यांवरून १३ वर येताना ५ किलोचं ४ किलो ४८० ग्रॅम होतं. हिशोब सोपा: सुका भाग बदलत नाही, ५ गुणिले ७८ भागिले ८७. वजनकाटा खोटं बोलत नाही.

मीटर मात्र बोलला. ५६०० रुपयांचा नवा मीटर २८ ला १२.६ दाखवू लागला. लॉट १ भरायला घेतला, तेवढ्यात जाळीच्या पिशवीचं वजन ४ किलो ५५० निघालं. वजनाप्रमाणे ओलावा १४ च्या वर. नमुना ओव्हनमध्ये टाकला, दळून, १३० अंशांवर दोन तास: १४.३.

दोन कारणं. मीटरमध्ये ‘तांदूळ’ निवडलेलं होतं, ‘भात’ नव्हे. टरफलासकट दाण्याचा हिशोब वेगळा. शिवाय ताडपत्रीवरचे ४० अंशांचे दाणे थेट मीटरमध्ये. दाणे सावलीत तासभर निवले की मगच मोजावेत. चार दिवस आणि चार माणसं पुन्हा वाळवणीत गेली.

९ नोव्हेंबर

पोती भरली. लॉट १: १२.७ टक्के. लॉट २: १३.१. लॉट ३: १३.४. सगळी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर दूर.

लॉट २ मधली दोन पोती हवाबंद पिशव्यांत, पिशवी २१० रुपये. त्यातलं एक पोतं घाईने आदल्या दिवशीच्या ओल्या बाजूचं भरलं गेलं. नंतर तपासलं तर १५.२.

१४ टक्क्यांच्या खाली का, याचं एकच कारण लिहितो. त्या ओलाव्याला दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता ७०-७५ च्या आसपास असते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी बुरशी, तिथे वाढत नाही. तिला ८० च्या वर लागतं. पण तिच्या काही भाऊबंद बुरश्या ७०-७५ लाही सुरू होतात. त्या स्वतः अफ्लाटॉक्सिन करत नाहीत, मात्र श्वासातून पाणी सोडतात, सोंडेही सोडतात, आणि पोत्याचा एक कोपरा हळूहळू १६-१७ टक्क्यांवर चढतो. तिथे फ्लेव्हस बसते. बाकी पोतं कोरडं ठणठणीत.

२ डिसेंबर

उकडा, लॉट २ मधून एक पोतं. दोन दिवस गार पाण्यात भिजवायची जुनी रीत सोडली, त्यात पाणी आंबतं. ७० अंशांच्या पाण्यात सोडून साडेचार तास, मग टरफल फुटेपर्यंत वाफ. वाफेनंतर ओलावा ३५ च्या घरात. पहिल्या दिवशी तो २० च्या खाली आणायलाच हवा. दुपारी मळभ आलं, २८ वर ढीग केला. सकाळी आंबूस वास आणि ढिगाच्या पोटात पांढरी तार. २० किलो गेलं. ढीग न करता घरात पंख्याखाली पसरायला हवं होतं.

११ जानेवारी

पोती उघडली. हवाबंद १५.२ वाल्यात आतून घाम, वास आंबट. हवाबंद पिशवी सोंडे मारते, पाणी शोषत नाही. दुसरी पिशवी उत्तम, एकही सोंडा नाही.

३६५ नॅनोमीटरची अतिनील (यूव्ही) बॅटरी आणली होती, ६५० रुपये. मक्यात आणि सरकीत हिरवट-पिवळी चमक दिसली तर फ्लेव्हसचा संशय घेतात. भातात दोन संध्याकाळ घालवल्या. टरफलांचे तुकडे चमकतात, धुतलेल्या पोत्याचे धागे तर दिवाळीसारखे, कारण साबणातली चकाकी. चमक कोजिक आम्लापासून येते, अफ्लाटॉक्सिनपासून नाही. बॅटरी आता विंचू शोधायला.

१८ जानेवारी

अफ्लाटॉक्सिनची पट्टी-चाचणी, किलोला १० मायक्रोग्रॅम मर्यादेची, पट्टी ३८० रुपये.

पहिला नमुना लॉट ३ च्या पोत्याच्या तोंडातून मूठभर: निर्दोष. विश्वास बसला नाही. विष हजारांतल्या थोड्या दाण्यांत असतं, मूठभर नमुना म्हणजे लॉटरी. दुसऱ्या दिवशी सहाही पोत्यांना वर, मध्ये, तळाशी परखी (दाणे काढायची पोकळ सळई) मारून ५ किलो जमवलं, सगळं सोलून रव्यापेक्षा बारीक दळलं, चार भाग करत करत २० ग्रॅमवर आणलं. ७० टक्के मिथेनॉलमध्ये तीन मिनिटं हलवून गाळलं. पट्टी: दोषी.

लॉट १ निर्दोष. लॉट २ दोषी, हे अनपेक्षित. पोत्यागणिक पट्ट्या लावल्या, आणखी सात. एकच पोतं निघालं, आणि त्यात पिवळे दाणे. हेच ते चिठ्ठी नसलेलं पोतं. चिठ्ठीची किंमत २६६० रुपये.

३ फेब्रुवारी

लॉट ३ प्रयोगशाळेत, तीन नमुने, ८४०० रुपये. एकूण अफ्लाटॉक्सिन, किलोला मायक्रोग्रॅम:

सोललेला, कोंड्यासकट तांदूळ १९. पॉलिश केलेला ८. कोंडा ११८.

भारतात धान्याची मर्यादा १५. म्हणजे पॉलिश केला की तांदूळ कागदावर पास होतो. विष कुठे गेलं नाही, गिरणीच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलं. शिजवून ते जात नाही.

आता कोंडा कुठे जातो ते पाहा. गाईला रोज २ किलो कोंडा म्हणजे २३६ मायक्रोग्रॅम. सगळं बी-१ (अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार) धरलं आणि त्यातलं फक्त २ टक्के दुधात एम-१ (त्याचं दुधातलं रूप) होऊन उतरलं, तरी ४.७ मायक्रोग्रॅम. ८ लिटर दूध देणाऱ्या गाईच्या लिटरमागे ०.५९. दुधाची मर्यादा ०.५. जास्त दूध देणाऱ्या गाईत हा वाटा २ टक्क्यांहून वरही जातो. गुरांच्या खाद्याच्या भारतीय मानकात बी-१ ची मर्यादा २० आहे, हा कोंडा जवळजवळ सहापट.

लॉट ३ मध्ये काजळीही जास्त होती, पण अफ्लाटॉक्सिन काजळीचं नाही. ते उडवीतल्या तीन रात्रींचं. फ्लेव्हसचे काही वाण उस्टिलॉक्सिन बी सुद्धा करतात हे खरं, त्याची चाचणी इथे केलेली नाही.

१० फेब्रुवारी

लॉट ३ ची सहा पोती आणि सापडलेलं सातवं, मिळून ३४० किलो: विकायचं नाही, गिरणीत न्यायचं नाही, बदकांना तर नाहीच, कारण अफ्लाटॉक्सिनला बदकाएवढं हळवं पाळीव पाखरू दुसरं नाही. भरडून, ओलं करून, शेण-पाल्याबरोबर खतखड्ड्याच्या तळाशी, वर फूटभर माती. पोती जाळली. फळ्या उन्हात टाकून चुन्याने पुसल्या.

चुकांचा खर्च, मजुरी सोडून: बी ५२०, ट्रायकोडर्मा १४०, बॅटरी ६५०, जादा पट्ट्या २६६०. त्यावर ३४० किलो भात आणि २० किलो उकडा.

पुढच्या मे साठी बी फक्त कुणगा १ चं ठेवलं आहे, २२ किलो, ११.८ टक्के, हवाबंद पिशवीत. आत एक चिठ्ठी, बाहेर एक.